मशीन बिघडलेलं नाही, सुई उलटी आहे!

चेन्नईत जुन्या शिलाई मशीनसाठी मेकॅनिकला फोन केला, की तो तक्रार पुरती ऐकूनसुद्धा घेत नाही. “ऊसि मात्तुंगम्मा,” म्हणतो. सुई बदला, अम्मा. मशीन त्याने पाहिलेलं नसतं, कोणत्या कंपनीचं तेही विचारलेलं नसतं, तरी निदान तयार. राग येतो खरा, पण बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघतं. मांबळम असो, मैलापूर असो की पेरंबूर, आजीच्या काळातलं काळं मशीन उघडून बघा. लोखंड शाबूत, चाक गुळगुळीत, सोनेरी नक्षी तेवढी थोडी पुसलेली. रुसून बसलेल्या असतात त्या तीनच किरकोळ वस्तू: सुई, बॉबिन आणि बॉबिन भरायच्या चकतीवरचं रबर.

या तिघींचे नखरे आणि त्यांच्या मागचे किस्से, दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

नावापुढचा ‘के’

सिंगरचं जुनं मशीन असेल, तर त्याच्या नंबराशेजारी किंवा माहितीपुस्तकावर १५के, ६६के, २०१के असं काहीतरी सापडतं. हा ‘के’ म्हणजे किलबोई. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक नावाचं गाव आहे, तिथल्या सिंगरच्या अवाढव्य कारखान्याचं हे नाव. कारखाना १८८५ साली सुरू झाला, १९८० साली बंद पडला. त्याच्या मनोऱ्यावर चारही बाजूंना घड्याळं होती आणि एकेका तबकडीचा व्यास २६ फूट. मनोरा १९६३ मध्ये पाडला. कारखाना गेला, मनोरा गेला, पण रेल्वे स्टेशनचं नाव आजही ‘सिंगर’च आहे. गाडी थांबते, माणसं उतरतात, मशीन मात्र एकही बनत नाही.

पुढची गंमत अशी, की क्लाइड नदीच्या पलीकडे जवळच पेस्ली हे गाव आहे. तिथल्या कोट्स घराण्याने शिवायच्या दोऱ्यात जगभर नाव काढलं. इकडे मदुराईत हार्वे बंधूंची मदुरा मिल्स होती. १९७४ साली या दोन धंद्यांची सोयरीक होऊन ‘मदुरा कोट्स’ झालं. म्हणजे चेन्नईतल्या एखाद्या मामी ‘के’च्या मशीनवर मदुरा कोट्सचं रीळ चढवतात, तेव्हा एका नदीच्या दोन काठांवरची मंडळी त्यांच्या पडवीत पुन्हा भेटत असतात. दोरा तेवढा मदुराईवरून वळसा घालून आलेला.

मग आपल्या देशी मशीनचं काय? कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगचं ‘उषा’ घ्या, नाहीतर लुधियान्यात बनलेलं कुठलंही काळं मशीन घ्या. घरगुती वापराच्या बहुतेक काळ्या मशीनचा सांगाडा सिंगरच्या १५ नंबरच्या घराण्यातलाच. म्हणूनच पंजाबात बनलेली बॉबिन केस स्कॉटलंडच्या मशीनमध्ये खटकन बसते. बसते म्हणून मात्र कुठलीही बॉबिन घालू नये. १५ नंबरची बॉबिन दोन्ही बाजूंनी सपाट, सुमारे २० मिलिमीटर व्यासाची. ६६ नंबरची दिसायला तशीच, पण तिच्या बाजू किंचित फुगीर. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात. त्यामुळे जुनी बॉबिन मुठीत घेऊन जावं आणि नवी तिच्यावर ठेवून बघावी. दुकानदाराने “सगळ्या सेमच असतात” म्हटलं, तर हसून मान डोलवावी आणि तरीही ठेवून बघावी.

भोक टोकाला आलं आणि जग बदललं

हाताने शिवायच्या सुईचं नेढं मागच्या बाजूला असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. एवढ्या एका बदलावर सगळं शिलाई मशीन उभं आहे. अमेरिकेतल्या एलायस हाऊने १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या घराण्यात एक कथा सांगतात. हाऊला स्वप्न पडलं, त्यात भाले घेतलेल्या लोकांनी त्याला घेरलं आणि प्रत्येक भाल्याच्या पात्याला टोकाशी भोक होतं. कथा झकास आहे. फक्त त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच वॉल्टर हंट नावाच्या माणसाने टोकाला नेढं असलेली सुई आणि दुहेरी दोऱ्याचा टाका घालणारं मशीन करून ठेवलं होतं. त्याने पेटंट घेतलं नाही, एवढंच. पुढे १८४९ मध्ये याच हंटने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ते ४०० डॉलरला विकून टाकलं. आपल्याकडच्या समस्त बायकांच्या बांगड्यांना लटकणारी ती पिन त्याचीच. स्वप्न न पडताच एवढं जमवणाऱ्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसावं, याला काय म्हणावं?

चपटी बाजू कुठे?

आता सुई हातात घ्या. घरगुती मशीनच्या सुईची मान पूर्ण गोल नसते. तिची एक बाजू तासल्यासारखी चपटी असते. चपट्या बाजूच्या विरुद्ध अंगाला नखाने वरून खाली घासत या, नख एका लांब खाचेत घसरतं. ही खाच नेढ्यापर्यंत जाते. सुई कापडात घुसते तेव्हा दोरा या खाचेत लपून खाली उतरतो, म्हणून कापडात घासून तुटत नाही. चपटी बाजू असते त्या अंगाला नेढ्याच्या जरा वर बारीकसा खळगा असतो. तो बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलच्या चोचीसाठी.

नियम सोपा आहे. लांब खाच दोरा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो त्या बाजूला, खळगा शटलकडे. १५ नंबरच्या काळ्या मशीनमध्ये बॉबिन डावीकडून बसते, तेव्हा सुईची चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. ६६ नंबरमध्ये दोरा पुढून मागे जातो, म्हणून चपटी बाजू मागे. मशीन कुठलं ते कळत नसेल तर सुईच्या अगदी वरची, दोरा अडकवायची शेवटची तार बघा. ती ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा.

उलटी सुई लावली तर होतं काय, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. बॉबिनवरची सरकती पट्टी उघडा, उजेड पाडा आणि चाक हाताने, आपल्याकडे, सावकाश फिरवा. सुई तळाला जाते, क्षणभर थांबते आणि वर निघते. जेमतेम दोन मिलिमीटर वर आली, की खळग्याच्या बाजूला दोरा फुगून त्याचा एक इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्याच वेळी शटलची चोच येते, फासात शिरते आणि तो ओढून बॉबिनच्या भोवती फिरवून आणते. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला वेढा घालतो, टाका पडतो. सुई उलटी असली तर फास चुकीच्या बाजूला फुगतो किंवा फुगतच नाही. चोच येते आणि रिकामी परत जाते. टाका सुटला! आपण तोवर टेन्शनचा स्क्रू पिळत बसलेलो असतो.

दुसरी खोड म्हणजे सुई पूर्ण वर न जाणं. स्क्रू ढिला करून सुई वर टेकेपर्यंत सारायची आणि एका हाताने तशीच दाबून धरून दुसऱ्या हाताने स्क्रू आवळायचा. केसभर जरी खाली राहिली तरी फास आणि चोच यांची वेळ चुकते. कधी कधी जुन्या तुटक्या सुईचा तुकडाच वर अडकलेला असतो आणि नवी सुई त्याच्यावर टेकून “बसले” म्हणते. सुई नेहमीपेक्षा खाली लोंबतेय असं वाटलं, तर काढून वर टॉर्च मारून बघावं.

पाकिटावरच्या आकड्यांचंही कोडं नाही. ९०/१४ म्हणजे सुईचं पातं ०.९ मिलिमीटर जाड. १४ हा त्याचाच सिंगरचा जुना नंबर. १००/१६ म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. रोजच्या सुती झंपराला १४ किंवा १६, कांजीवरमच्या मऊ पोताला ११, जीन्सला १८. जाडजूड सुईने रेशीम शिवलं, तर शिवण उसवल्यावरही भोकांची रांग राहते आणि साडी नवी असेल तर घरात दोन दिवस बोलणं बंद.

गोल मानेची घुसखोर

शिंप्याकडून उसनी आणलेली सुई घरच्या मशीनला लावू नका, असं आई सांगायची तेव्हा त्यात शकुन-अपशकुन काही नव्हता. कारखान्यातल्या पॉवर मशीनची सुई गोल मानेची, चपटी बाजू नसलेली. त्यातली सर्रास मिळणारी डीबी×१ मानेला १.६२ मिलिमीटर जाड, तर घरगुती एचए×१ साधारण दोन मिलिमीटर. शिवाय मानेपासून नेढ्यापर्यंतची लांबीही निराळी. बारीक मानेची सुई घरच्या मशीनमध्ये अगदी सहज शिरते, स्क्रूही आवळला जातो, म्हणूनच फसायला होतं. ती भोकात मधोमध बसत नाही, एका अंगाला रेलते. मग टाके सुटतात, नाहीतर सुई शटलवर आपटून तुटते आणि टोक उडून कुठे जाईल याचा नेम नाही. पाकिटावर एचए×१, १५×१ किंवा १३०/७०५ यांपैकी काहीही छापलेलं असलं तरी बिनधास्त घ्यावं. तिन्ही नावं एकाच सुईची.

बॉबिन भरणं ही वेगळी विद्या

शिवणाच्या क्लासात झंपराचं कटिंग आठवडाभर शिकवतात, बॉबिन भरणं मात्र “ते काय, भरा” एवढ्यावर उरकतात. निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.

आधी सुईला सुट्टी द्यायची. चाकाच्या मधोमध एक छोटी गोल चकती असते. डाव्या हाताने मोठं चाक घट्ट धरून उजव्या हाताने ती आपल्याकडे ढिली केली, की चाक फिरतं आणि सुई जागच्या जागी थांबते. थांबली नाही, तर आत जुनं तेल वाळून डिंकासारखं झालंय असं समजा. रॉकेलचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा. पक्कड लावून मर्दुमकी गाजवायची नाही, चकतीचे कंगोरे उडतात.

मग ते कुप्रसिद्ध रबरी कडं. भरायची चकती चाकाला टेकते आणि घर्षणाने फिरते. ते घर्षण सगळं या रबराचं. चेन्नईच्या उन्हाळ्यात ते कडक होतं, चकाकतं, भेगाळतं. वर कुणीतरी प्रेमाने तेल सोडलेलं असतं. मग पाय मारून मारून घाम निघतो आणि बॉबिन मात्र घरंगळल्यासारखी सावकाश फिरते. मोटर बिघडली, पट्टा सैल झाला, असे तर्क लढवण्याआधी रबर स्पिरिटने पुसा. गुळगुळीत झालं असेल तर पॉलिश पेपर हलकेच फिरवा. तरीही घसरत असेल तर नवं घाला, किंमत नगण्य असते. तेल मशीनला लागतं, या रबराला नाही.

बॉबिन एका बाजूला फुगते, ही तक्रार सर्वांत जुनी. रिळातून निघालेला दोरा मशीनच्या पाटावरच्या छोट्या जोडचकतीतून जातो आणि तिथून वर बॉबिनकडे. अनेकजणी ही जोडचकती गाळून दोरा हातानेच धरतात. दोन-चार बॉबिन बऱ्या भरतातही, पण त्यांचा ताण कमी-जास्त होतो आणि शिवताना टाका कधी घट्ट, कधी सैल. दोरा चकतीतूनच घ्यावा. तरीही एका बाजूला ढीग होत असेल, तर त्या चकतीचा स्क्रू ढिला करून ती जरा सरकवायची: डावीकडे फुगते तर उजवीकडे, उजवीकडे फुगते तर डावीकडे. सुतभर सरकवलं तरी पुरतं.

सुरुवातीला दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून बाहेर काढून पहिले काही फेरे धरून ठेवायचं आणि मग कापायचं. तसंच लोंबत राहिलं तर पुढे शिवताना तेच शटलमध्ये अडकतं. जुन्या लाल दोऱ्यावर नवा पांढरा चढवायचा नाही. ही काटकसर अर्ध्या शिवणीत लाल होऊन बाहेर येते. काठोकाठ भरायचं नाही, किंचित आत थांबायचं. आणि पॉलिएस्टरचा दोरा भरताना पाय आवरता घ्यायचा. तो ताणला जातो. ताणलेलाच बॉबिनवर बसतो आणि शिवून झाल्यावर आकसतो. मग इस्त्री केली तरी शिवणीला चुण्या. प्लॅस्टिकची बॉबिन असेल तर या ताणाने तिचे काठही फाकतात आणि ती केसमध्ये अडकून बसते.

फार जुनं, होडीसारख्या लांबट शटलचं मशीन असेल, तर त्याची बॉबिनही पेन्सिलीच्या तुकड्यासारखी लांब. तिच्यावर दोरा सारखा पसरावा म्हणून सिंगरने भरायच्या यंत्रात एक बदामाच्या आकाराची चकती बसवली. ती फिरते तशी दोऱ्याची दांडी डावीकडून उजवीकडे आणि परत, न चुकता. पत्त्यांतला बदाम एवढा कामाचा दुसरीकडे कुठे झालेला नाही.

भरलेली बॉबिन केसमध्ये घालताना दोरा फटीपाशी आला की माघारी वळला पाहिजे. सरळच निघून गेला तर बॉबिन उलटी पडली. केसच्या पत्र्याखाली लव जमलेली असेल तर ती जाड कागदाच्या कोपऱ्याने काढावी. मग केस दोऱ्याने टांगून धरा. नुसती लोंबली पाहिजे, हाताला छोटा झटका दिला की थोडी उतरून थांबली पाहिजे. सरसर जमिनीकडे निघाली तर पत्र्यावरचा बारीक स्क्रू किंचित आवळायचा. पाव फेराही पुष्कळ. आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं दिसलं तर दोष बहुधा बॉबिनचा नसतो. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा दाब्या वर करून दोरा पुन्हा ओवा. दाब्या खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या वरच तरंगतो.

गांधीजींची सूट, सिंगरचा संसार

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी एका यंत्राला मात्र माफी दिली होती. १९२४ साली दिल्लीत जी. रामचंद्रन या तरुणाने त्यांना छेडलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचं नाव घेतलं. बायकोचे शिवताना होणारे हाल बघवेनात म्हणून सिंगरने मशीन केलं, असं त्यांचं म्हणणं. हेच रामचंद्रन पुढे तमिळनाडूत आले आणि १९४७ मध्ये पत्नी डॉ. सौंदरम यांच्यासह त्यांनी दिंडुक्कलजवळ ‘गांधीग्राम’ उभारलं. सौंदरम या टीव्हीएस उद्योगाच्या संस्थापकांच्या कन्या.

बायकोवरच्या प्रेमाचं मात्र जरा कठीण आहे. आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकवाला. बॉस्टनमध्ये दुसऱ्याचं बिघडलेलं मशीन बघून त्याने आपलं मशीन केलं, १८५१ साली पेटंट घेतलं आणि वेगवेगळ्या स्त्रियांपासून त्याला वीसहून जास्त मुलं झाली. एकेकीचे हाल बघायचे तर दिवस पुरला नसता. त्याचा वकील भागीदार एडवर्ड क्लार्क मात्र थंड डोक्याचा. हप्त्याहप्त्याने मशीन विकायची कल्पना त्याची, १८५६ सालची. त्या पैशातून त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘डकोटा’ ही आलिशान इमारत बांधायला घेतली. बीटल्सचा जॉन लेनन पुढे तिथेच राहायचा आणि १९८० साली तिच्याच दारात त्याची हत्या झाली. हिंदुस्थानात सिंगरचा कारभार बरीच वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सांभाळला.

आपले शिंपी, त्यांचं मद्रास

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी दक्षिणेतल्या जातीजमातींवरचे सात खंड १९०९ साली मद्रासहून छापले. त्यात ‘रंगारी’ ही नोंद सापडते: कापड रंगवणारे आणि शिवणारे, मूळचे मराठी, घरात अजून मराठी बोलणारे. तमिळनाडू सरकारच्या मागासवर्गीयांच्या यादीतही ‘नामदेव मराठा’ हे नाव आहे. पंढरपूरचा शिंपी संत इतक्या लांब, सरकारी कागदावर, मुक्कामाला!

याच सरकारची आणखी एक योजना आहे, गरजू बायकांना फुकट शिलाई मशीन देण्याची. तिला माजी मंत्री सत्यवाणी मुत्तू यांचं नाव दिलेलं आहे.

खोबरेल नको

समुद्राचा खारा वारा सुईला सोडत नाही. उघड्या पाकिटातली सुई गंजते आणि गंजकी सुई दोरा खाते. तेल घालायचं ते पाण्यासारखं पातळ, मशीनसाठी मिळणारं. चेन्नईत खोबरेल कधी फारसं गोठत नाही आणि घरोघरी हाताशी असतं, म्हणून मोह होतो. पण ते काही महिन्यांत चिकट होतं, त्यावर कापडाची लव बसते आणि चाक जड होतं. तसं झालं असेल तर रॉकेलने धुवून मग खरं तेल.

आपल्याकडे खंडेनवमी, तिथे आयुध पूजा. रिक्षा, लेथ, कॉम्प्युटर यांच्या रांगेत शिंप्याचं मशीनही पुसून बसतं. चंदनाचे ठिपके, वर कुंकू, झेंडूची माळ आणि दुकानाबाहेर कुंकू घातलेला कोहळा रस्त्यावर फोडलेला. गंध लावताना एवढंच बघावं, की ते तेलाच्या भोकांवर येत नाही ना. वाळलेलं चंदन आत गेलं तर टाचणीने टोकरून काढावं लागतं. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, काम सुरू करायचं ते विजयादशमीला. इकडे दिवाळी वीस दिवसांवर आलेली आणि शेजारच्या मामी तीन झंपरांची पिशवी घेऊन दारात हजर. तेव्हा अष्टमीलाच नवी सुई लावावी, चपटी बाजू बघून, आणि दोन बॉबिन भरून ठेवाव्यात. एक पांढरी, एक मरून.